उणे दोन

जुबैलहून निघालो तेव्हा गाडीत एसी चालू होता.
शलाका मागच्या सीटवर, पाय रॅकेटच्या पिशवीवर.
"थंडी म्हणजे किती गं?"
म्हटलं, तुरैफला उणे दोन.
तिनं एसी अठरावर आणला.
सराव म्हणून.

विद्याधर शटडाउनवर. रिफायनरी बंद पडली
की नवरे तीन आठवडे चालूच असतात.
स्टिअरिंग माझ्याकडे.
अकराशे किलोमीटर, एकच सरळ रस्ता,
आणि शेजारून तेलाची जुनी पाइपलाइन,
कधीचीच रिकामी,
तरी वेशीपर्यंत पोचवायला निघालेल्या आत्यासारखी
सोबत सोडत नाही.

नैरियाला खबूस घेतले. कैसूमाला टाकी भरली.
मग उंटांच्या पाठीवर झुली दिसू लागल्या
आणि कुणीतरी मागून गुपचूप
एसी बंद केला.

रफ्हाला मुक्काम.
सकाळी पुढच्या काचेवर पांढरा थर.
"आई, मीठ!"
समुद्राकाठची पोर, पांढरं म्हणजे मीठच.
बोटानं चाखलं,
तोंड वाकडं केलं:
"हे तर पाणीय."

खरवडायला काही नव्हतं, म्हणून
पर्समधून इकामा काढला.
माझा फोटो, धर्म, धंदा, मालकाचं नाव,
सगळं एका कडेवर धरून
खर्र खर्र करत राहिले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
कुणी मागितला नसताना बाहेर आला होता.

निफाडला बाबा जानेवारीत रात्री दोनला उठायचे,
द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला.
आम्ही बहिणी उसाचं पाचट ओढत न्यायचो,
हातांत बाबांचे पायमोजे घालून.
धूर वर जायचा नाही,
वेलींच्या डोक्यावर पसरून राहायचा.
घड आत टिकले की नाही
ते उजाडल्यावर कळायचं.

हे तिला कधी सांगितलं नाही.
आताही नाही. एवढंच म्हटलं,
गार चेंडू उसळत नाही,
आण ते इकडे,
आणि सहाच्या सहा स्वेटरच्या आत घेतले.
अरारच्या पंपावर एका म्हाताऱ्यानं
माझ्या पोटाकडे बघून स्वतःची खुर्ची दिली,
वर मूठभर खजूर.
मी नाही म्हटलं नाही.
शलाका हसून हसून गाडीला टेकली.

तुरैफला चार कोर्टं आणि वारा.
माइकवर पुकारलं: "शलाका बुरस्ती!"
बोरस्ते मनातल्या मनात दुरुस्त केलं.
समोर रनीम, अकरा वर्षांची, तिथलीच.
लोकरीची फरवा तिनं
नेटपाशी येईपर्यंत अंगावरून काढली नाही.
चेंडू स्पर्धेचेच, सीलबंद डब्यातले.
माझे सहा
कुणी विचारलेसुद्धा नाहीत.

शलाका उसळीची वाट बघत राहिली,
जुबैलला येते तशी, छातीपर्यंत.
इथं चेंडू घोट्याशी घसरत निघून जायचा.
रनीम गुडघ्यांत वाकून आधीच तिथं.
सहा-एक.
दुसऱ्या सेटला शलाकाही वाकली,
उशिरा, पण वाकली.
सहा-चार.
हात मिळवताना दोघींच्या तोंडातून वाफ निघाली
तर दोघी फू फू करत बसल्या,
हरलेली कोण ते
दुरून ओळखू येईना.

परतीला पुन्हा रफ्हा, तीच खोली.
रात्री जाग आली तर शेजारची गादी रिकामी.
पोर खिडकीशी, चादर गुंडाळून,
खालच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीकडे टक लावून.
"काय गं?"
"ते पांढरं नक्की कधी पडतं, बघतेय."
घड्याळात दोन.

मी माझं ब्लँकेट घेऊन गेले
आणि तिला जरा सरक म्हटलं.
"तुला माहितीय कधी पडतं?"
माहीत होतं. अजून थोडा वेळ होता.
"सरक," म्हटलं, "सांगते."